विचारून सांगते

बृजेश कुशवाह दुपारी तीनला व्हायरस काढून गेला.
सहाशे रुपये, एक कप चहा, आणि जिना उतरता उतरता
"मैडम, अब मशीन एकदम साफ."
ग्वाल्हेरच्या दाल बाजारात साफ हा शब्द
तुरीच्या डाळीलाही लावतात.
निवडायला बसलं की दोन खडे निघतातच.

संध्याकाळी पाहते तर जीएसटीचं पान उघडेना.
निळं चक्र फिरतंय.
खाली काट्यावरची टोपली भरते, रिकामी होते,
परत भरते,
माझं चक्र फिरतंय.
आज वीस तारीख. अकरा दुकानांची रिटर्नं,
आणि कीबोर्डच्या फटींत मसुरीची धूळ.

कंपनीला फोन केला.
डबा बंद करा, तीस मोजा, चालू करा.
दिवसभर मी हिंदीत बोलते, भांडते, हिशेब समजावते,
पण मोजताना तोंडात मराठीच येते.
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.
डब्याला त्याचं काही नाही. दिवे लागले. चक्र तसंच.

मोबाईल त्याच डब्याला जोडून पाहिला,
पान फटकन उघडलं.
म्हणजे तार ठीक. गच्चीवरच्या खारीनं
या वेळी काही कुरतडलेलं नाही.
दोष आत आहे, साफ झालेल्या मशीनच्या आत.

रात्री बृजेश फोनवर सापडला, मागे वरातीचा बँड.
"आंटी, डीएनएस देखो!"
(दुपारी मैडम होते.)
तर असं, की मशीनला कुठलाच पत्ता पाठ नसतो.
कुठंही जायचं तर आधी कुणाला तरी विचारायचं,
मग निघायचं.
विचारायच्या दोन जागा लिहून ठेवलेल्या असतात.
दुसरी कंपनीची, खरी.
पहिली त्यानं लिहिलेली, जो दुपारी गेला.
तिथं आता कुणी राहत नाही.
तरी माझं मशीन इमानानं
आधी तिथंच जाणार, कडी वाजवणार, थांबणार,
पुन्हा वाजवणार,
मग मान खाली घालून दुसऱ्या दाराशी.
प्रत्येक पानासाठी हेच.
पानातल्या चित्रासाठीसुद्धा.

चार आकडे, मध्ये तीन टिंबं.
बराच वेळ बघत बसले.
मग खोडले.
अकरा चाळीसला अकरावं रिटर्न गेलं.

सकाळी जिन्यात मुरारीलाल सिंघल.
भावाच्या दुकानाचंही बघाल का? काय घ्याल?
आणि माझ्या तोंडून, आपोआप,
"इनसे पूछकर बताती हूँ."

हे.
हे सहा वर्षांपूर्वी भोपाळला गेले, ते तिकडचेच झाले.
कोर्टाचा कागद झाला. समग्रमधून नाव काढलं,
गॅसच्या पुस्तकावरून काढलं, बँकेतून, दारावरच्या पाटीवरून.
खिळ्यांची दोन भोकं राहिली होती,
तीही मीच चुन्यानं बुजवली.
एकदम साफ.
आणि तरी भाडं वाढवून द्यायचं का,
पडद्याचं कापड कुठल्या रंगाचं घ्यायचं,
दाढ काढायची की ठेवायची,
आधी तिथं.
तिथं कुणी नाही. थोडं थांबायचं. मग इथं.
लोकांना वाटतं, बाई जरा संथ आहेत.

सिंघल पायरीवर उभेच, अडकित्त्यात सुपारी.
खालून कुणी पोतं आपटलं,
धूळ उन्हातून वर आली, जिन्याच्या वळणावर रेंगाळली.

मी तीस मोजले नाहीत.
साडेसातशे, म्हटलं. महिन्याचे.
ते हसून म्हणाले, सहाशे.
म्हटलं, सहाशे तर बृजेश घेतो.